पाटीवरची शेवटची ओळ: शिकागोचा चित्रसंग्रह कसा जमला

कलासंग्रहालयात चित्राशेजारी एक छोटी पाटी असते. त्यावर आधी चित्रकाराचं नाव, मग चित्राचं नाव, वर्ष, आणि ते कॅनव्हासवर आहे की लाकडावर याची माहिती. एवढं वाचून आपण पुढच्या चित्राकडे वळतो. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, ती फारसं कुणी वाचत नाही. 'आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो'मधल्या सर्वांत प्रसिद्ध चित्राखाली ती अशी आहे: 'हेलन बर्च बार्टलेट स्मृतिसंग्रह, १९२६.२२४'.

ही ओळ वाचायला शिकलं की सगळं संग्रहालय वेगळं दिसायला लागतं, म्हणून हा लेख तिच्याबद्दल आहे. आकडा समजायला सोपा आहे. टिंबाआधी ते चित्र संग्रहात दाखल झालं ते वर्ष, टिंबानंतर त्या वर्षाच्या नोंदवहीतला क्रमांक. रात्रीच्या उपाहारगृहात बसलेली चार माणसं दाखवणारं एडवर्ड हॉपरचं 'नाइटहॉक्स' १९४२.५१ आहे, म्हणजे १९४२ सालातली एकावन्नावी नोंद. आकड्याच्या आधीचं नाव चित्र देणाऱ्याचं, किंवा ज्याच्या पैशातून ते घेतलं त्याचं. या संग्रहालयात आज सुमारे ३ लाख वस्तू आहेत आणि प्रत्येकीला अशी ओळ आहे. कुणाला तरी ती वस्तू आवडली, त्याने ती घेतली, आणि पुढे कधीतरी ती शहराच्या हाती आली. थोर चित्रांची कुणी यादी केली आणि मग ती एकेक करून आणली, असं कोणत्याही संग्रहालयात घडत नाही.

आता इमारतीकडे येऊ. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरची ही इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नसते, पण तिच्यात घडलेली एक गोष्ट शाळेत नक्की ऐकलेली असते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी 'अमेरिकेतल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो' म्हणून भाषणाला सुरुवात केली ती याच इमारतीत. शिकागोची सर्वधर्म परिषद म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एखादं मोठं प्रार्थनागृह येतं. प्रत्यक्षात ते एक नवंकोरं, अजून पूर्ण न झालेलं कलासंग्रहालय होतं. मुंबईहून ब्राह्मो समाजाच्या वतीने गेलेले बी. बी. नगरकर आणि जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद गांधी हेही त्या परिषदेत बोलले होते.

हे जुळून आलं ते पैशाच्या हिशेबामुळे. कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाल्याच्या निमित्ताने शिकागोत १८९३ साली जागतिक मेळा भरला. मेळ्याचं मैदान शहराच्या दक्षिणेला, इथून दहा-अकरा किलोमीटरवर. पण मेळ्यासोबत शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न, धर्म अशा विषयांवर परिषदा भरवायच्या होत्या आणि त्यासाठी शहरात मोठी सभागृहं हवी होती. तिकडे आर्ट इन्स्टिट्यूटला नवी इमारत हवी होती आणि पैसे कमी पडत होते. मग ठरलं की मेळ्याच्या मंडळींनी २ लाख डॉलर द्यायचे, मेळा चालू असेपर्यंत इमारत परिषदांसाठी वापरायची आणि नंतर ती संग्रहालयाकडे जायची. आत तात्पुरती सभागृहं उभारली गेली. विवेकानंद जिथे बोलले तो कोलंबस हॉल त्यातलाच एक. परिषदा आटोपल्या, ती सभागृहं काढून टाकली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला इमारत संग्रहालय म्हणून उघडली.

तात्पुरतं सभागृह गेलं, तरी ते भाषण पुन्हा एकदा या इमारतीत आलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार जितीश कलाट यांनी २०१० साली, त्याच ११ सप्टेंबरच्या तारखेला, इथल्या मुख्य जिन्यावर 'पब्लिक नोटिस ३' नावाची कलाकृती मांडली. जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द छोट्या दिव्यांनी लिहिले होते. दिव्यांचे रंग पाच: लाल, नारिंगी, पिवळा, निळा, हिरवा. २००१ सालच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकार दहशतवादाच्या धोक्याची पातळी दाखवायला हेच पाच रंग वापरत असे. धर्मांधता संपावी असं सांगणारं भाषण आणि धोक्याचा इशारा देणारे रंग, दोन्ही एकाच पायरीवर. वर चढताना एकेक ओळ पायाखालून मागे जात राहते. मला विचाराल तर या इमारतीचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केलेला नाही.

ज्या जमिनीवर इमारत उभी आहे तिचीही कथा आहे. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोत आग लागली आणि दोन दिवसांत शहराचा मधला भाग राख झाला. सुमारे ३०० माणसं गेली, १ लाखाच्या आसपास बेघर झाली. जळक्या विटा, दगड, लोखंड हा सगळा राडारोडा लोकांनी जवळच्या तळ्यात नेऊन टाकला आणि काठावरची जमीन पुढे तळ्यात सरकत गेली. आजचं ग्रँट पार्क अशा भरावातून वाढलेलं आहे. त्याच्या पश्चिम कडेला, जिथे आगीनंतर एक औद्योगिक प्रदर्शनाची इमारत उभारली गेली होती, त्या जागी हे संग्रहालय आलं.

त्या काठाबद्दल शहराने १८३६ सालच्या नकाशावरच लिहून ठेवलं होतं की ही जागा सर्वांची, इथे कधीही इमारत होणार नाही. माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने तेवढ्या शब्दांवर वर्षानुवर्षं खटले लढवले आणि तळ्याकाठची मोकळी जागा वाचवली. त्यातून सूट मिळाली ती या संग्रहालयाला, कारण समोरच्या जागामालकांनी संमती दिली होती. मागे रेल्वेचे रूळ होते. वाढायचं तर जागाच नव्हती. मग १९१६ मध्ये रुळांवरूनच पुलासारखं दालन बांधलं. आजही एका भागातून दुसऱ्या भागात जाताना आपण रुळांच्या डोक्यावरून चालत असतो. दारातले कांस्याचे दोन सिंह १८९४ पासून उभे आहेत. एडवर्ड केमिस या शिल्पकाराने ते घडवले. दोघे सारखे वाटतात, पण उत्तरेकडचा सावजावर दबा धरल्यासारखा आहे आणि दक्षिणेकडचा छाती काढून आव्हान देणारा.

संस्था मात्र इमारतीपेक्षा जुनी. आधी चित्रकारांनीच काढलेली एक शाळा होती, ती कर्जात बुडाली. मग १८७९ मध्ये शहरातल्या व्यापाऱ्यांनी नवी संस्था स्थापन केली आणि १८८२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. म्हणजे संग्रहालय आणि कलाशाळा इथे पहिल्यापासून एकत्र आहेत. १८७० साली जेमतेम ३ लाख वस्तीचं हे गाव १८९० मध्ये ११ लाखांचं झालं होतं. धान्य, लाकूड, मांस आणि रेल्वे यांवर पैसा धो धो येत होता. चार्ल्स हचिन्सन हे बँकर आणि धान्य बाजारातली बडी असामी. ते १८८२ मध्ये संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सलग ४२ वर्षं, त्या पदावर राहिले. १८९० मध्ये ते मित्र मार्टिन रायर्सनसोबत युरोपात गेले आणि डेमिडॉफ या रशियन घराण्याच्या संग्रहातली जुनी डच चित्रं घेऊन आले. अर्ध्या उघड्या दाराशी उभी असलेली तरुण मुलगी दाखवणारं, रेम्ब्रांटच्या नावावरचं चित्र त्यातलंच. जहाजाने चित्रं आली आणि कालपर्यंत ज्याला 'मांसाचं शहर' म्हणून हिणवलं जायचं त्या गावाला एकदम भाव आला.

तरी हे संग्रहालय जगभर ओळखलं जातं ते डच चित्रांसाठी नव्हे. ते ओळखलं जातं एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांसाठी. मोने, रेन्वार, देगा, सरा, सेझान, व्हॅन गॉग. एकट्या मोनेची तीसहून अधिक चित्रं इथे आहेत. पॅरिसची ही दौलत शिकागोत कशी, हा प्रश्न पडायलाच हवा, आणि त्याचं उत्तर पाटीवरच्या नावांत आहे.

फ्रान्समध्ये चित्राला मान मिळायचा तो सरकारी वार्षिक प्रदर्शनातून. तिथले परीक्षक गुळगुळीत रंगवलेली पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रं पसंत करायचे. उन्हात बसून, तुटक फटकाऱ्यांनी, गवताची गंजी नाहीतर रेल्वे स्टेशन रंगवणारी ही तरुण मंडळी त्यांना अर्धवट वाटायची. ही चित्रं विकत घेणारा पोल द्युराँ-र्युएल हा दलाल दिवाळं निघण्याच्या बेतात होता. १८८६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरवलं आणि अमेरिकी गिऱ्हाईक मिळालं. या गिऱ्हाइकाकडे पैसा होता आणि कोणतं चित्र चांगलं म्हणायचं याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांचा धाक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जुनी चित्रं भिंतीवर असलेल्या घराला नवं चित्र खुपतं. यांच्या भिंती रिकाम्या होत्या.

शिकागोतली अशी सर्वांत मोठी गिऱ्हाईक म्हणजे बर्था पामर. तिच्या नवऱ्याने, पॉटर पामरने, तिच्यासाठी शहरात एक भव्य हॉटेल बांधलं. ते उघडून १३ दिवस झाले आणि १८७१ च्या आगीत जळून गेलं. त्याने कर्ज काढून पुन्हा बांधलं. १८९३ च्या मेळ्यात महिला मंडळाची अध्यक्ष बर्थाच होती. त्या निमित्ताने ती पॅरिसला जाऊन-येऊन असायची आणि १८९१-९२ या दोन वर्षांत तिने मोने-रेन्वारची चित्रं अक्षरशः ढिगाने घेतली. सॅरा हॅलोवेल ही जाणकार स्त्री तिला सल्ला द्यायची आणि पॅरिसमध्ये राहणारी अमेरिकी चित्रकार मेरी कसॅट ओळखी करून द्यायची. या तीन बायकांच्या नजरेतून निवडलेली चित्रं आज लाखो लोक पाहतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कलेच्या इतिहासात खरेदी करणाऱ्या बाईचं नाव क्वचित येतं.

बर्थाने घेतलेलं रेन्वारचं एक चित्र आहे, सर्कशीतल्या दोन लहान मुलींचं. खेळ संपलाय. एक मुलगी प्रेक्षकांना अभिवादन करते आहे, दुसरीच्या कवेत संत्री आहेत, लोकांनी बक्षीस म्हणून टाकलेली, आणि पायाखालची रिंगण उन्हासारखी पिवळी. हे चित्र बर्थाला इतकं प्रिय होतं की प्रवासातही ती ते बरोबर ठेवायची असं सांगतात. १९१८ मध्ये ती गेली. १९२२ मध्ये तिचा संग्रह आर्ट इन्स्टिट्यूटकडे आला. म्हणून इथे पाटीखाली 'पॉटर पामर संग्रह, १९२२' हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. नाव नवऱ्याचं, नजर तिची.

मोनेच्या गवताच्या गंज्यांचंही इथे सांगायला हवं. १८९०-९१ मध्ये मोनेने घराजवळच्या शेतातल्या त्याच त्या गंज्या पंचवीसेक वेळा रंगवल्या. सकाळ, संध्याकाळ, बर्फ, ऊन. त्यांतल्या ६ इथे आहेत. एकच चित्र पाहिलं तर ती शेतातली गंजीच वाटते. चार-पाच शेजारी शेजारी पाहिली की कळतं, गंजी निमित्त आहे, तो प्रकाश रंगवतोय. संग्रहात संख्येला अर्थ असतो तो असा.

याच दालनांत गुस्ताव काय्बोतचं मोठं चित्र आहे, पॅरिसमधला पावसाळी रस्ता, साल १८७७. छत्र्या घेतलेली माणसं आपल्या अंगावर चालून येताहेत असं वाटावं इतकी मोठी. काय्बोत स्वतः सधन होता आणि मित्रांची चित्रं विकत घेऊन त्यांना जगवायचा. मरताना त्याने आपला संग्रह फ्रेंच सरकारला दिला. सरकारने घोळ घालत सुमारे ४० चित्रं घेतली, बाकीची नाकारली. हा पावसाळी रस्ता कुटुंबाकडेच राहिला, विसाव्या शतकाच्या मध्यात बाजारात आला आणि १९६४ मध्ये शिकागोने तो घेतला. काही वर्षांपूर्वी त्यावरचं पिवळं पडलेलं वॉर्निश उतरवलं, तेव्हा मळकट आभाळाखालून निळसर, पाऊस नुकताच थांबल्यासारखं आभाळ निघालं.

आता सुरुवातीच्या १९२६.२२४ कडे. जॉर्ज सराचं 'ला ग्रांद जात बेटावरचा रविवार'. साधारण २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद. पॅरिसजवळ सीन नदीतल्या बेटावर सुट्टीला आलेली माणसं: छत्री धरलेल्या बायका, पाइप ओढणारा नावाडी, दोरीला बांधलेलं माकड, आणि बरोबर मध्यावर पांढऱ्या झग्यातली छोटी मुलगी, जी एकटीच सरळ आपल्याकडे बघते. सराने हे १८८४ मध्ये सुरू केलं तेव्हा तो २४ वर्षांचा होता. १८८६ मध्ये ते प्रदर्शनात आलं. पुढे पाच वर्षांत, ३१ व्या वर्षी, तो गेला.

त्याची कल्पना अशी: हिरवा हवा म्हणून रंगपाटीवर निळा-पिवळा कालवला की रंग मळतो. त्यापेक्षा शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवावेत आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याने करावं. म्हणून हे चित्र तीन जागांवरून पाहावं. दालनाच्या पार टोकाशी उभं राहिलं तर माणसं पुतळ्यासारखी स्थिर दिसतात आणि ऊन पडलेलं जाणवतं. मधे आलात की पृष्ठभाग लुकलुकायला लागतो. अगदी जवळ गेलात की माणसं नाहीशी होतात, उरतात ते फक्त ठिपके: हिरव्या गवतात नारिंगी, सावलीत निळे-जांभळे, झग्याच्या कडेला गुलाबी. काठाला ठिपक्यांची एक रंगीत पट्टीही आहे, ती सराने नंतर जोडली.

आणि एक नुकसान दिसतं. सराने जस्तापासून बनवलेला एक नवा पिवळा रंग वापरला होता. तो टिकला नाही. काही वर्षांतच तो तपकिरी पडू लागला, आणि ज्या ठिकाणी उन्हाचे तेजस्वी पिवळे ठिपके होते तिथे आज मातकट ठिपके आहेत. २००४ मध्ये संग्रहालयाने या चित्रावर मोठं प्रदर्शन केलं तेव्हा रंगशास्त्राच्या अभ्यासकांनी संगणकावर मूळ रंग कसे असतील त्याची प्रतिमा तयार केली. प्रत्यक्ष चित्राला मात्र कुणी हात लावला नाही. जतनाच्या कामात वरचा मळ, जुनं वॉर्निश काढतात. चित्रकाराने लावलेला रंग बिघडला तरी तो त्याचाच, त्यावर नवा ठिपका ठेवायचा नाही.

हे चित्र १९०० मध्ये एका फ्रेंच कुटुंबाने घेतलं होतं. त्या घरातली मुलगी ल्युसी कुस्तुरिए स्वतः चित्रकार होती. १९२४ मध्ये शिकागोचा फ्रेडरिक बार्टलेट आणि त्याची बायको हेलन यांनी ते विकत घेतलं. फ्रेडरिकही चित्रकारच, घरचा श्रीमंत. दुसऱ्याच वर्षी हेलन गेली. त्याने दोघांनी मिळून जमवलेली चित्रं तिच्या स्मृतीसाठी संग्रहालयाला दिली. व्हॅन गॉगची पिवळ्या पलंगाची खोली, सेझानची सफरचंदांची टोपली, पिकासोचा निळा म्हातारा गिटारवादक, सगळं त्या एका देणगीतलं. अमेरिकी संग्रहालयाच्या कायम संग्रहात आलेलं पिकासोचं पहिलं चित्र तो गिटारवादकच. क्ष-किरणांत त्याच्याखाली आधीच्या चित्रातल्या एका बाईचा चेहरा दिसतो. तिच्या कपाळाची आणि डोळ्यांची पुसट छटा म्हाताऱ्याच्या मानेशी लक्षपूर्वक पाहिलं तर साध्या डोळ्यांनाही जाणवते.

सराचं चित्र शिकागोबाहेर जात नाही. १९५८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला दिलं होतं आणि तिथे आग लागली. एक कामगार दगावला, मोनेचं एक मोठं चित्र नष्ट झालं. सराचं चित्र धावपळीत हलवलं गेलं आणि वाचलं. त्यानंतर ते कधी उसनं दिलेलं नाही.

यावरून शिकागोकर नव्या कलेचे पहिल्यापासून पाठीराखे होते असं मात्र समजू नये. १९१३ मध्ये युरोपातल्या आधुनिक चित्रांचं गाजलेलं फिरतं प्रदर्शन इथे आलं तेव्हा गर्दी लोटली, पण इथल्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मातिस या फ्रेंच चित्रकारावर लुटुपुटीचा खटला भरला आणि त्याच्या चित्रांच्या नकला जाळल्या. चाळीस वर्षांनी, १९५३ मध्ये, संग्रहालयाने त्याच मातिसचं 'नदीकाठच्या स्नान करणाऱ्या स्त्रिया' हे प्रचंड चित्र विकत घेतलं. चूक सुधारायला संग्रहालयाला एवढा वेळ लागू शकतो.

पण काही वेळा निर्णय झटकन होतो. १९३० मध्ये ग्रँट वुडने इथल्या वार्षिक स्पर्धेला एक चित्र पाठवलं. हातात दाताळं धरलेला शेतकरी, शेजारी तरुण स्त्री, मागे टोकदार खिडकीचं लाकडी घर. 'अमेरिकन गॉथिक'. घर आयोवा राज्यातल्या एल्डन गावचं, बाई म्हणजे चित्रकाराची बहीण आणि पुरुष त्याचा दंतवैद्य. दोघं एकत्र कधी उभे राहिलेच नव्हते. चित्राला कांस्यपदक आणि ३०० डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि संग्रहालयाच्या मित्रमंडळाने आणखी ३०० डॉलर देऊन ते ठेवून घेतलं. हॉपरचं 'नाइटहॉक्स' जानेवारी १९४२ मध्ये पुरं झालं आणि मे महिन्यात ३,००० डॉलरला इथे आलं. त्यातल्या उपाहारगृहाला रस्त्याकडून आत जायला दारच दिसत नाही. एकदा लक्षात आलं की मग तेच दिसत राहतं.

जुन्या युरोपीय कलेतलं एल ग्रेकोचं 'मेरीचं स्वर्गारोहण' १९०६ मध्ये आलं, ४ मीटर उंचीचं, तेही मेरी कसॅटच्या आग्रहामुळे. जपानी ठशांच्या चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. तो एका वेळी थोडाच दिसतो, कारण कागदावरचा रंग उजेडाने उडतो. काही आठवडे मंद प्रकाशात मांडायचं आणि मग दीर्घकाळ अंधारात विश्रांती द्यायची असा क्रम असतो. 'सगळं का दाखवत नाहीत' या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मुलांना घेऊन गेलात तर तळघरातल्या ६८ छोट्या खोल्या चुकवू नका. एका फुटाला एक इंच या मापाने केलेली ती घरं आहेत, आत गालिचे, झुंबरं, उघडी पुस्तकंसुद्धा.

एक दालन मला विशेष जवळचं वाटतं, जुन्या शेअर बाजाराचं. लुई सलिव्हनसारख्या श्रेष्ठ वास्तुकाराची ती इमारत १९७२ मध्ये पाडली. रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार पाडापाडी चालू असताना आत जाऊन नक्षीचे तुकडे वाचवत होता. एप्रिलमध्ये ढिगारा कोसळून तो गेला. त्यानंतर चार-पाच वर्षांत, वाचलेल्या तुकड्यांवरून, सौद्यांचं ते सभागृह संग्रहालयात पुन्हा उभं केलं. छताखालच्या भिंतींवर हिरवट-सोनेरी नक्षीचे साचे आहेत, डझनावारी रंगांचे. खाली उभं राहून वर बघताना त्या माणसाची आठवण ठेवावी.

हे सगळं चालतं कशावर? संस्था खासगी आहे, पण नफ्यासाठी नाही. विश्वस्त मंडळ कारभार बघतं. तिकीट, सभासद वर्गणी, देणग्या, थोडा वाटा शिकागोच्या उद्यान विभागाच्या करातून. सर्वांत महत्त्वाची गंगाजळी. लोकांनी दिलेला पैसा गुंतवायचा, मूळ रकमेला हात न लावता उत्पन्नावर खर्च भागवायचा. चित्रंही कधीकधी विकली जातात, उदाहरणार्थ एकाच प्रकारची बरीच असली तर. पण त्या पैशातून पगार किंवा वीजबिल भागवायचं नाही, तो नव्या कलाकृतींसाठी किंवा संग्रहाच्या देखभालीसाठीच, असा अमेरिकेतल्या संग्रहालयांचा आपसातला नियम आहे. नाहीतर दर मंदीत एखादा मोने घराबाहेर पडला असता.

आणि पुन्हा ती शेवटची ओळ. ती चित्र संग्रहालयात कसं आलं ते सांगते, त्याआधीचं सांगत नाही. त्याआधीच्या हातांच्या साखळीला मालकीचा इतिहास म्हणतात. ती साखळी कुठे तुटली आहे हे शोधणं हे आता संग्रहालयातलं पूर्ण वेळेचं काम झालं आहे. युरोपीय चित्राच्या बाबतीत १९३३ ते १९४५ ही वर्षं तपासतात, कारण नाझी काळात ज्यूंची चित्रं लुबाडली गेली. आशियाई मूर्तीच्या बाबतीत प्रश्न असतो की ती देवळातून निघाली केव्हा आणि कशी. भारत, नेपाळ आणि आग्नेय आशियातल्या शिल्पांची इथली दालनं आल्सडॉर्फ या शिकागोच्या संग्राहक कुटुंबाच्या नावाने आहेत. तिथल्या चोळकालीन नटराजासमोर उभं राहताना आपल्याला वाटणारा अभिमान आणि 'हा इथे कसा आला' हा प्रश्न, दोन्ही रास्त आहेत.

त्या कुटुंबाकडून आलेल्या वस्तूंत बाराव्या शतकातली एक बुद्धमूर्ती होती. ज्ञानप्राप्तीनंतर वादळ आलं तेव्हा मुचलिंद नागराजाने फणा उभारून बुद्धाला आडोसा दिला, ती कथा. बुद्ध ध्यानात बसलेला आणि मागून छत्रासारखा फणा. संशोधनात निष्पन्न झालं की ती मूर्ती काठमांडूच्या खोऱ्यातून चोरीला गेलेली होती. संग्रहालयाने ती परत केली. तिच्या प्रवासाच्या यादीत शेवटची नोंद आता २०२५ सालची आहे, आणि ठिकाण नेपाळ.